केप इव्हान्सच्या लाकडी घरात सात आठवडे

१२ मार्चला अर्ज पाठवला आणि २९ नोव्हेंबरला अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्सच्या जुन्या लाकडी घराच्या दारात उभी राहिले. मधले साडेआठ महिने दंतवैद्य, फॉर्म, मालाच्या याद्या आणि वाट पाहण्यात गेले. या सगळ्याबद्दल मराठीत विचारावं असं मला कुणी सापडलं नाही. म्हणून आता, सगळं पार पडल्यावर, जे जसं घडलं ते क्रमानं लिहून ठेवते आहे. जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या, पण अंटार्क्टिकाचं नाव काढलं की 'ते आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी खास.

मी मूळची रेवदंड्याची. मुंबईत रसायनशास्त्र शिकले, दिल्लीत संवर्धन, आणि गेली सात वर्षं न्यूझीलंडमध्ये एका संग्रहालयात काम करते. लोखंड, पत्रा आणि चामडं हा माझा विषय. जुन्या वस्तूला गंज, बुरशी, कीड, ओल यांपासून वाचवायचं, पण ती नवी करून ठेवायची नाही, असं हे काम. घरी अजूनही 'वस्तू दुरुस्त करते' असंच सांगतात. मी आता ते खोडून काढत नाही.

अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर तीन जुनी लाकडी घरं उभी आहेत. पहिलं १९०२ चं, ब्रिटिश शोधक स्कॉटच्या डिस्कव्हरी मोहिमेचं, हट पॉइंटला. दुसरं १९०८ चं, दुसरा ब्रिटिश शोधक शॅकल्टन याचं, केप रॉइड्सला. तिसरं १९११ चं, केप इव्हान्सला; दक्षिण ध्रुवावर पोचून परतताना मेलेला स्कॉट इथूनच निघाला होता. ही माणसं निघून गेली आणि त्यांचे डबे, बूट, मोजे, बिस्किटं, औषधाच्या बाटल्या, घोड्यांचा चारा, सगळं तसंच राहिलं. क्राइस्टचर्चचा अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्ट या घरांची देखभाल करतो. मोठं जतनकार्य गेल्या दशकात संपलं. त्यात १८ हजारांहून अधिक वस्तूंवर उपचार झाले आणि प्रत्येक वस्तू पुन्हा तिच्याच जागी ठेवली गेली. पण शंभर वर्षांच्या पत्र्याला एकदा उपचार केले म्हणून भागत नाही. दर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, एक छोटी तुकडी जाऊन तपासणी आणि डागडुजी करते. मी गेले ती अशा तुकडीतून.

अर्जासोबत बायोडेटा, मी केलेल्या उपचारांचे पाच अहवाल आणि दोन शिफारसपत्रं मागितली होती. अहवाल निवडताना मी आधी सगळ्यात देखणे निकाल काढून ठेवले होते. मग त्यातले दोन काढले आणि जिथं मी हात आवरता घेतला होता असे दोन घातले. ही निवड योग्य ठरली असं मला वाटतं, कारण २४ एप्रिलच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: "वस्तू दुरुस्त होण्यासारखी आहे, पण तुझ्याकडे एकच दिवस आहे. काय करशील?" मी म्हटलं, फोटो काढीन, नोंद करीन, पडझड थांबेल एवढंच करीन, आणि बाकीचं पुढच्या माणसासाठी सोडीन. दुसरा प्रश्न मात्र अनपेक्षित होता. चार माणसांबरोबर एका खोलीएवढ्या जागेत दोन महिने राहताना तुला कशाचा राग येईल? मी खरं ते सांगितलं: सकाळी चहाआधी कुणी बोललेलं मला चालत नाही. असल्या प्रश्नांना गुळगुळीत उत्तरं देऊ नका. तिथं पोचल्यावर सगळं उघडं पडतंच.

निवडीचं पत्र आलं २० मे रोजी, पण त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वैद्यकीय तपासणीत पात्र ठरल्यास.

माझे पुढचे अडीच महिने तिथंच गेले. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, डोळे, रक्तदाब आणि दात. दातांवर इतका भर का, ते मला नंतर कळलं. तिथं उपचारांची सोय असते, पण थंडीत भरलेल्या दाताची चांदी सुटली किंवा अक्कलदाढ सुजली तर विमानानं परत आणावं लागतं, आणि विमान हवामानाच्या मर्जीनं उडतं. माझी एक अक्कलदाढ काढली, दोन दात भरले. १,१५० न्यूझीलंड डॉलर, म्हणजे साधारण ५८ हजार रुपये. हा माझा सगळ्यात मोठा स्वतःचा खर्च. अर्ज करायचा विचार असेल तर दात आधीच पाहून घ्या. निवड झाल्यावर धावाधाव केली की वेळही जातो आणि पैसेही.

त्यातच एका तपासणी केंद्रानं माझा रक्तगट चुकीचा लिहून पाठवला. तळावर कुणाला रक्त लागलं तर तिथल्याच माणसांचं घेतात, त्यामुळे ही नोंद साधी नव्हे. पुन्हा नमुना, पुन्हा अहवाल, अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मला रात्री नीट झोप लागली नाही. प्रत्येक कागद हातात पडला की तिथंच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि आकडे वाचायचे, ही सवय मला तेव्हापासून लागली. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आणखी एक पाहावं. अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही, पण तुम्ही ज्या देशातून निघता तिथं परत यायचं असतं. माझ्या व्हिसाची मुदत परतीच्या तारखेपुढे पुरेशी आहे, हे मी लेखी विचारून घेतलं आणि ते पत्र पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. ते दाखवायची वेळ आली नाही, पण मन शांत राहिलं.

६ ऑगस्टला 'पात्र' असा शेरा मिळाला. घरी फोन केला. बाबा काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "अगं, पण तिथं भाजी काय मिळते?"

ऑगस्ट-सप्टेंबर गेले याद्यांत. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत असिटोनची, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रावकाची, बाटली लागली की कपाट उघडायचं. इथं ती बाटली विमानातला धोकादायक माल ठरते. तिचं स्वतंत्र घोषणापत्र, सुरक्षा-पत्रक, ठरावीक डबा, ठरावीक लेबल, आणि हे सगळं उड्डाणाच्या कित्येक आठवडे आधी. इथेनॉल, असिटोन, टॅनिक ॲसिड, सूक्ष्मस्फटिकी मेण, जपानी कागद, आम्लरहित टिश्यू, पॉलिइथिलीन फोम, शंभर पुड्या सिलिका जेल. थर्मोकोलच्या मण्यांचं पॅकिंग अजिबात नको. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरण प्रोटोकॉलनं असे मणी बंद केले आहेत, कारण एकदा वाऱ्यावर गेले की कुणालाच वेचता येत नाहीत. जे न्याल ते परत आणायचं, वापरलेल्या कापसाच्या बोळ्यापर्यंत. म्हणून यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'परत येताना काय होईल' असा रकाना होता. तो भरताना मला फार शिकायला मिळालं. आपण रोज किती फेकतो, ते कधी मोजलं नव्हतं.

केप इव्हान्सचं घर विशेष संरक्षित क्षेत्रात येतं, क्रमांक १५५. आत जायला परवाना लागतो आणि त्यावर तुमचं नाव व काम लिहिलेलं असतं. एका वेळी आत १२ जणांपेक्षा जास्त नाहीत, ज्योत पेटवायची नाही, पाठीवर सॅक नको. परवाना मी लॅमिनेट करून घेतला, कारण तिथं कागद बोटांच्या ओलीनंच खराब होतो.

१८ नोव्हेंबरला क्राइस्टचर्चला कपडे मिळाले. जाड जॅकेट, बूट, तीन तऱ्हांचे हातमोजे. ते प्रत्यक्ष घालून, वाकून, बसून, चेन लावून-काढून बघा. मी पहिले बूट परत केले, कारण दोन मोजे घातल्यावर अंगठा टेकत होता. मग जैवसुरक्षा: खिसे उलटे करून व्हॅक्यूम, बुटांचे तळ घासून, वेल्क्रोमधलं गवताचं बी चिमट्यानं काढून. माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या सॅकमधून एक कुसळ निघालं. सह्याद्रीतलंच असावं, ते टाकताना जरा वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबरचं उड्डाण रद्द. २० चंही रद्द. २१ ला सी-१७ मालवाहू विमानात बसलो, साडेतीन तास उडालो, आणि तिकडं हवा बिघडल्याचं कळल्यावर तिथूनच माघारी वळलो. परतीचं इंधन जिथपर्यंत शिल्लक राहतं, त्या बिंदूच्या आत असा निर्णय घेतात. सात तास हवेत राहून पुन्हा क्राइस्टचर्चलाच उतरलो. सगळं सामान आधीच मालात गेलेलं असतं, म्हणून दोन दिवसांचे कपडे, औषधं आणि चार्जर हातातल्या बॅगेत ठेवा. २२ ला पोचलो. पाच तासांचं उड्डाण, आणि दार उघडल्यावर पांढऱ्या प्रकाशानं डोळे मिटले.

स्कॉट बेस हा न्यूझीलंडचा तळ, १९५७ पासूनचा, हिरव्या रंगाच्या इमारती. तिथले पहिले काही दिवस शिक्षणाचे. पिरॅमिडसारखा ध्रुवीय तंबू उभारायचा, त्यात झोपायचं, स्टोव्ह पेटवायचा, रेडिओवर बोलायचं, एकमेकांच्या नाकाकानांवर पांढरे डाग दिसतात का ते पाहायचं. समुद्राच्या बर्फावर भेग आली की ड्रिलनं भोकं पाडून जाडी मोजायची. मी मोजली ती १ मीटर ७० सेंटिमीटर निघाली. पायाखाली समुद्र आहे हे आकड्यानं कळतं, पण पोटात गोळा येतोच. बायकांसाठी एक मोकळेपणानं सांगते: लघवीची बाटली आणि त्यासाठीचं फनेल हे घरच्या बाथरूममध्ये आठवडाभर वापरून सराव करा. तिथं तंबूत, तीन थरांच्या कपड्यांत, पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे. मैल्यासकट सगळा कचरा डब्यांतून तळावर परत जातो. पाळीच्या दिवसांसाठी वेगळ्या सीलबंद पिशव्या मागून घ्या; मागायला मी दोन दिवस लाजले, ते उगाचच.

२९ नोव्हेंबरला चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या हॅग्लंड गाडीतून बर्फावरून केप इव्हान्सला गेलो. अंतर साधारण २५ किलोमीटर. उजव्या हाताला एरेबस, ३,७९४ मीटर उंच जागता ज्वालामुखी, माथ्यावर धुराची रेघ. आम्ही पाच जण: प्रमुख, दोन संवर्धक, एक सुतार आणि एक क्षेत्र-मार्गदर्शक. राहायला तंबू, जेवायला एक छोटी लाकडी खोली, कामाला गरम करता येणारा कंटेनर.

बूट ब्रशनं घासले, वहीत नाव आणि वेळ लिहिली, आत गेले.

आधी वास आला. सीलची चरबी, काजळी, पेंढा, जुनं लाकूड. १९१५ ते १७ या काळात शॅकल्टनच्या रॉस समुद्र तुकडीतली माणसं इथं अडकली होती. त्यांनी चरबी जाळून दिवस काढले, त्याची काजळी अजून भिंतींवर आहे. मग डोळे सरावले. ५० फूट लांब, २५ फूट रुंद खोली, मध्ये खोक्यांची भिंत होती तिच्या एका बाजूला अधिकारी आणि दुसरीकडे खलाशी. भिंतींच्या आत तागात शिवलेलं समुद्री गवत, थंडी अडवायला. फळ्यांवर मोहरीचे, कोकोचे डबे. स्कॉटचा छायाचित्रकार पाँटिंग याची फोटो धुवायची काळोखी खोली. याच घरात रॉस समुद्र तुकडीच्या, कधीच न धुतलेल्या २२ निगेटिव्ह सापडल्या होत्या. बाहेर उणे ६ होतं, आत त्याहून गार. मी काहीही हात न लावता तासभर नुसती उभी राहिले. प्रमुखबाईंनीच तसं सांगितलं होतं: पहिल्या दिवशी काम नाही, नुसतं पाहायचं.

लोकांना वाटतं, अंटार्क्टिकात सगळं गोठलेलं, म्हणून सगळं आपोआप टिकतं. शिकत असताना मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात उन्हाळ्यात भिंतींलगतचं बर्फ वितळतं, ओल आत शिरते, आणि आर्द्रता मोजणाऱ्या माझ्या लॉगरवर ८० टक्क्यांपुढचे आकडे दिसत होते. तेवढ्यात तापमान शून्याच्या वर गेलं की बुरशी जागी होते. लाकूड आतून मऊ करणारी बुरशी या घरांत आहे. समुद्राचं मीठ लाकडात मुरतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि लाकडाचे तंतू कापसासारखे पिंजून निघतात. वारा काळी ज्वालामुखी खडी भिंतींवर मारत राहतो. आणि पत्र्याच्या डब्यांवर मिठातलं क्लोराइड बसलं की गंज आतून बाहेर येतो. हे सगळं मला अनोळखी नव्हतं. रेवदंड्याला आमच्या खिडकीचे गज बाबा दर दिवाळीला खरवडून रंगवतात आणि पुढच्या पावसाळ्याअखेर ते पुन्हा फुगलेले असतात. तेच खारं वारं, तोच गंज. फक्त इथं रंगवायची मुभा नाही.

कामाची रीत अशी. वस्तूचा क्रमांक नोंदवहीत शोधायचा. जागेवरच चार बाजूंनी फोटो. ती कोणत्या खिळ्याला, कोणत्या कोनात, कशाला टेकून आहे याची नोंद. मग पिशवीत सीलबंद करून कंटेनरमध्ये न्यायची आणि तशीच २४ तास ठेवायची, कारण गार वस्तू उबेत उघडली की तिच्यावर घाम धरतो आणि एका मिनिटात नवा गंज सुरू होतो. नोंदी पेन्सिलनं करा. पेनाची शाई गोठते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. असिटोननं केलेलं द्रावण तिथं पांढरं पडतं, कारण ते उडताना पृष्ठभाग आणखी गार होतो आणि ओल ओढतो, इथेनॉल बरं. बोटांच्या टोकांना चिरा पडतात. क्रीम फक्त रात्री झोपताना लावायचं, कामाच्या वेळी हाताला तेलाचा लवलेश नको. मी सकाळी चिरांवर कापडी पट्टी आणि वर पातळ नायट्रिल रबराचे हातमोजे असं करत असे. एका वेळी चाळीस मिनिटं, मग हात काखेत.

माझ्या वाट्याला पस्तीस डबे, काही अवजारं आणि तबेल्यातलं चामडं आलं. डब्यांचं फार सांगत नाही. सैल गंज शस्त्रक्रियेच्या पात्यानं काढायचा, टॅनिक ॲसिड लावायचं, वाळलं की मेण. लोखंडावर टॅनिक ॲसिड फिरलं की ते निळसर काळं पडतं, आणि दर वेळी मला आजीचा हिरडा आठवायचा. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, ती हीच क्रिया: हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड. हे मी इतरांना सांगितलं तेव्हा सुतारानं मला जेवणानंतर पुन्हा सगळं समजावून सांगायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः डबा काळा होताना पाहायला आला.

तबेला घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून आहे. तिथं मी सगळ्यात जास्त रमले, आणि तिथंच थोडी गलबललेही. स्कॉटनं पहिल्या वर्षी १९ घोडे आणले होते. दुसऱ्या वर्षासाठी, १९१२ च्या सुरुवातीला, जहाजातून सात खेचरं आली. भारत सरकारनं दिलेली, हिमालयात तयार केलेली. त्यांच्यासाठी बर्फात घालायचे जोडे होते, चकाकीपासून डोळे वाचवायला गॉगल होते. त्यांची नावं लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहेब. ध्रुवावरून न परतलेल्या स्कॉटच्या शोधात ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस पथक निघालं ते या खेचरांना घेऊन, आणि १२ नोव्हेंबरला त्यांना त्याचा तंबू सापडला. आत स्कॉट आणि त्याचे साथी विल्सन आणि बॉवर्स, तिघंही मृत. हा बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमधून मोहिमेत आलेला, आणि त्या दलाचं मुख्यालय मुंबईला होतं. त्याची झोपायची वरची फळी घरात अजून आहे. शाळेत असताना ही गोष्ट मला कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

रविवारी सॅटेलाइट फोनवर आईला ती सात नावं वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "बिचारी. कुठली कुठं नेली गं."

माझ्याकडे आलेला पट्टा साजाचा होता. जाड चामडं, एक लोखंडी बक्कल, शिवण तीन ठिकाणी उसवलेली. नोंदवहीत 'चामडी पट्टा, तबेला' एवढंच. घोड्याचा की खेचराचा, हे ठरवायला आधार नव्हता आणि मी अंदाज लिहिला नाही. चामडं इतकं कोरडं की वाकवलं असतं तर तुटलं असतं. आमच्याकडे करकरणाऱ्या वहाणेला करंजेल चोळतात. मुलगी म्हणून माझा हात तिकडे गेला, संवर्धक म्हणून मी तो आवरला. तेल चामड्याला काही दिवस मऊ करतं, मग धूळ धरतं, हवेनं घट्ट होतं आणि चामड्याला आणखी कडक करतं. पट्ट्याला मऊपणाची गरजच नव्हती. त्याला आता कुणाला ओढायचं नव्हतं, नुसतं खिळ्यावर टिकून राहायचं होतं.

म्हणून मी केलं ते इतकंच. मऊ ब्रशनं मिठाची पावडर झाडली. बक्कलाखाली चामडं काळं पडून कुरतडलं जात होतं, तिथं लोखंड आणि चामडं यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवला, बाहेरून दिसणार नाही असा. बक्कलावर टॅनिक ॲसिड आणि मेण, चामड्याला न लागू देता. त्यासाठी तीन दिवस लागले. उसवलेली शिवण तशीच ठेवली, फक्त लोंबणारा एक टोकाचा भाग जपानी कागदाच्या पट्टीनं आधारून घेतला. जनावराच्या घामाचा पांढरट डाग होता, तो पुसला नाही. सहा दिवस, आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर फरक शोधावा लागेल. मला त्याचं फार समाधान वाटलं.

दिवस सरत होते, पण रात्र नव्हती. सूर्य डोक्याभोवती फिरत राहतो. पहिल्या पंधरवड्यात मी दिवसाला चार तास झोपले आणि चिडचिडी झाले. मग डोळ्यांवर काळी पट्टी आणि ठरलेली वेळ पाळली तेव्हा सावरले. सकाळी चहाआधी माझ्याशी कुणी बोललं नाही, मुलाखतीतलं उत्तर प्रमुखबाईंनी लक्षात ठेवलं होतं. क्राइस्टचर्चच्या दुकानातून नेलेलं मेतकूट आणि भात सगळ्यांना आवडला.

जानेवारीच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरनं चार दिवस केप रॉइड्सला गेलो. तोवर बर्फावरून गाडी नेणं धोक्याचं झालं होतं. तिथं शेजारीच ॲडेली पेंग्विनांची वस्ती, त्या जातीची सगळ्यात दक्षिणेकडची. पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून कोंबडी, अंडी, अगदी अंड्याची पावडरही नेता येत नाही. शॅकल्टनच्या या घराच्या जमिनीखालीच २०१० मध्ये बर्फात गोठलेली व्हिस्कीची खोकी खणून काढली होती. मी तिथं फक्त लॉगर बदलले आणि डबे मोजले. वारा इतका की चौथ्या दिवशी काम झालंच नाही.

२० जानेवारी हा केप इव्हान्सवरचा आमचा शेवटचा पूर्ण दिवस. कचऱ्याच्या डब्यांचं वजन, रसायनांच्या उरलेल्या बाटल्यांचा हिशेब, परतीच्या मालाची घोषणापत्रं. याला दोन दिवस धरून ठेवा. आम्ही एकच धरला होता आणि रात्री दोनपर्यंत बसलो. दुपारी प्रमुखबाई आणि मी सगळ्या वस्तू फोटोंशी ताडून पाहत फिरलो. तबेल्यात पट्टा त्याच्या खिळ्यावर होता. त्यांनी टॅबलेट वर धरला, पट्ट्याकडे पाहिलं, पुन्हा टॅबलेटकडे.

"बक्कल," त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरमधल्या फोटोत बक्कल भिंतीकडे तोंड करून होतं. मी लटकवताना ते बाहेर वळवलं होतं. ते मुद्दाम ठरवून केलं नव्हतं. इतके दिवस ज्याच्यावर काम केलं ते दिसावं, असं हातालाच वाटलं असणार. मला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली. त्या रागावल्या नाहीत, टॅबलेट माझ्या हातात देऊन पुढच्या कोपऱ्याकडे गेल्या.

दोन्ही तळहातांवर पट्टा घेतला, खिळ्यावरून उचलला, फिरवला. फोटोत वरचं टोक खिळ्यापासून दोन बोटं पुढे होतं, तेवढंच ठेवलं. खालची घडी फळीला टेकली होती, ती टेकवली. पुन्हा फोटो काढला, जुन्याशी ताडला, नोंदीत लिहिलं: जागा दुरुस्त केली. मग दाराशी येऊन वहीत बाहेर पडल्याची वेळ टाकली, ५.४०.